बन्यामीन काकांचं नाक

आमच्या छावणी भागातल्या चर्चच्या दारात देवदूत उभा नसतो, बन्यामीन काका उभे असतात. देवदूत परवडला असता.

दर रविवारी पावणेनऊला काका पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, खिशाला दोन पेनं अशा थाटात चौकटीत उभे राहतात आणि येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला "सलाम, सलाम" करत छातीशी धरतात. परक्याला वाटावं, काय हा बंधुभाव! खरी गोष्ट आम्हाला माहीत असते. त्या दोन क्षणांत काका तुमच्या तोंडाजवळ नाक नेऊन तुमचा अख्खा शनिवार हुंगून घेतात.

मिठी सुटली की निकाल. निर्दोष माणसाच्या पाठीवर थाप पडते. दोषी माणसाला थाप नाही, नुसता सुस्कारा आणि हुकूम, "मागं बैस."

मी बावन्न वर्षांचा आहे. गुलमंडीवर कापडाच्या दुकानात तीस वर्षं साड्या उलगडतोय, भल्याभल्या गिऱ्हाइकांना बोलण्यात गुंडाळलंय. पण त्या मिठीच्या आधी मी रांगेत मागे मागे सरकतो. कारण मी घेतो. लई नाही. महिन्या-दोन महिन्यांनी, कुणाचा साखरपुडा, कुणाची बढती, तेवढ्यापुरती बिअर. मग रविवारी सकाळी लवंग, बडीशेप, वेलदोडा. एकदा तर भीतीपोटी कच्चा कांदा खाऊन गेलो.

"कांदा?" काका म्हणाले. "सकाळी नवाला? मागं बैस."

काका मूळचे वैजापूरकडचे. चाळीस वर्षं इथल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यामुळे दारू कुठे कुठे लपून बसते हे त्यांना पाठ आहे. खोकल्याच्या औषधाची बाटली ते भिंग लावून वाचतात. केकमध्ये इसेन्सचे थेंब टाकले असतील तर ख्रिसमसला केक खात नाहीत. होमिओपॅथीच्या गोळ्यांबद्दल म्हणतात, "साबुदाण्यासारख्या दिसत्यात. पण भिजवत्यात कशात, ते इचार." करोनात सगळा देश सॅनिटायझर चोळत होता, तेव्हा आमच्या चर्चच्या दारात बादली, तांब्या आणि लाइफबॉयची वडी होती.

अशा माणसाला डिवचायची मला भारी हौस.

"काका, काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस कुणी केला? प्रभूनंच ना?"

"केला. लग्नात काय झालं ते शास्त्रात लिवलंय. पिणारे घरी गेल्यावर काय झालं, ते लिवलेलं नाय. ते त्यांच्या बायकांना इचार."

"बरं, पौलानं तीमथ्याला पोटासाठी थोडा घ्यायला सांगितला, तो?"

"त्याचं पोट दुखत व्हतं. तुझं काय दुखतंय?"

खरं सांगायचं तर काही दुखत नव्हतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि औषधाच्या झाकणाएवढ्या पेल्यात द्राक्षारस. तो विकत आणलेला काकांना चालत नाही. काळी द्राक्षं निघाली की ते स्वतः जाधव मंडईत जाऊन मणी न् मणी बघून आणतात, उकळतात, तीनदा गाळतात, उकळलेल्या बाटल्यांत भरतात आणि त्या थेट घरच्या फ्रिजमध्ये. फ्रिजला कुलूप. "द्राक्षाला पाप करायला टाइम द्यायचा नाय," हे त्यांचं धोरण.

यंदाच्या मे महिन्यात मात्र द्राक्षांना टाइम मिळाला. काकांच्या नि आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर गुरुवारी जळाला तो शनिवारी संध्याकाळपर्यंत दुरुस्त झाला नाही. बेचाळीस डिग्री ऊन. भिंतींना हात लावला तर चटका बसत होता.

प्रभुभोजनाच्या रविवारी सकाळी साडेसहाला माझ्या दाराची कडी वाजली. दार उघडलं, तर समोर बन्यामीन काका. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली बाटली.

मी दार पुन्हा अर्धं लोटलं. कारण आदल्या दिवशी वैजापूर रोडच्या ढाब्यावर भाच्याचा साखरपुडा साजरा झाला होता आणि मी अजून चूळसुद्धा भरलेली नव्हती. धाड थेट घरावर! मी ओठ घट्ट मिटले आणि नुसती मान हलवली.

"कोण आहे हो?" आतून शीला ओरडली. माझी बायको वेळ साधण्यात पटाईत आहे.

"काका आहेत," मी श्वास आत ओढत बोललो. तसं बोलता येत नाही. बोलण्याबरोबर सगळा ढाबा बाहेर आला.

काकांचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. मी निकालाची वाट बघत उभा राहिलो. निकाल लागलाच नाही.

"सुधीर, लेका," ते हळूच म्हणाले, "जरा याचा वास घेऊन सांग."

आता मात्र मी खरंच घाबरलो. "काका, तुम्हाला... येत नाही वास?"

ते पायरीवर बसले. "करोनात ताप आला व्हता ना. तवाच गेला. आज येईल, उद्या येईल, म्हणता म्हणता आलाच नाय. फिनेलचा नाय, फोडणीचा नाय."

"आणि दारात? इतकी वर्षं? मला ख्रिसमसला पकडलंत, ते कसं काय?"

"तुझं तोंड बघून. प्यायलेला माणूस मला भेतो. भ्यालेला माणूस दिसतोच."

मग तो कच्चा कांदा कसा ओळखला होता? तो करोनाआधीचा, तेव्हा नाक शाबूत होतं, असं मी मनाला समजावलं.

"पण माझ्याकडे कशाला? पाळकसाहेबांकडे जायचं."

"त्यांनी जन्मात तोंडाला लावलेली नाय. त्यांना काय कळणार? या मंडळीत कळणारं माणूस म्हणजे तू."

असा सन्मान मला आजवर कुणी दिला नव्हता. मी बूच काढलं. फस्स झालं. वास घेतला, करंगळी बुडवून जिभेला लावली. चढत नव्हता अजून, पण निघाला होता त्या वाटेला.

"आंबलाय, काका."

त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली आणि बूच लावलं. मी हसत म्हणालो, "अहो, झाकणभर तर असतो! त्यानं कुणाला काय होतंय?"

"आज अलीशा घेणारे," काका म्हणाले.

माझं हसू गेलं. अलीशा म्हणजे काकांचा धाकटा भाऊ. वैजापूरच्या मार्केट यार्डात हमाली करायचा, वीस वर्षं रात्रंदिवस पीत होता. बायको सोडून गेली, दोनदा मरता मरता वाचला. सात महिन्यांपूर्वी काका त्याला इथं घेऊन आले. तेव्हापासून त्यानं थेंब घेतला नव्हता. चर्चला यायचा, पण पेला समोर आला की मान खाली घालून नको म्हणायचा. या रविवारी घेतो, असं त्यानं स्वतः होऊन सांगितलं होतं.

"तेरा वर्षांचा व्हता," काका बाटलीकडे बघत म्हणाले. "लई खोकला. मी नवा कंपाउंडर, मला लई अक्कल. दवाखान्यातली ब्रँडी आणली, कोमट पाण्यात टाकून पाजली. झाकणभरच. म्हणला, दादा, छातीत गरम वाटतंय, अजून दे." त्यांनी टॉवेल बाटलीभोवती घट्ट आवळला. "दिली मी."

शीला केव्हाची आमच्या मागे उभी होती. ती आत गेली, डब्यातले काळे मनुके काढले आणि पातेल्यात पाणी ठेवलं.

साडेआठला द्राक्षारसाऐवजी मनुक्याचं पाणी गाळून, गार करून चर्चमध्ये पोचलं. मी तीनदा वास घेतला, दोनदा चाखलं. जुनी बाटली काकांनी स्वतः मोरीत ओतली, वर दोन बादल्या पाणी टाकलं.

गाणं झालं, उपदेश झाला. काका पेल्यांचं तबक घेऊन बाकांमधून निघाले. चौथ्या बाकावर अलीशा होता. त्यानं पेला उचलला. नाकाजवळ नेला आणि तिथेच थांबला. त्यानं काकांकडे बघितलं.

काकांनी माझ्याकडे.

आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नाही. ज्या नाकाच्या भरवशावर हे चाललं होतं, ते नाक आदल्या संध्याकाळी ढाब्यावर होतं! जिभेवर अजून बिअरची चव होती. अशा जिभेला बारीक आंबटपणा कळला असेल? पातेलं नीट धुतलेलं होतं? कापडाला काही लागलेलं होतं? सगळी मंडळी डोळे मिटून बसलेली आणि आम्ही तिघंच डोळे उघडे ठेवून.

मी मान हलवली. हो.

अलीशानं पेला तोंडाला लावला आणि रिकामा केला.

काका हलले नाहीत. पुढचे बाक ताटकळले, पाळकसाहेब खाकरले, तरी तबक तिथेच. काका वाकले आणि भावाच्या कानाशी कुजबुजले. मागच्याच बाकावर होतो म्हणून ऐकू आलं.

"काय वाटतंय?"

अलीशानं विचार केला. "गोड हाये."

"निसतं गोड? छातीत काय?"

"काय नाय."

"नक्की?"

"व्हय रे दादा." अलीशानं रिकामा पेला तबकात ठेवला. "पुढच्या महिन्याला मनुके जरा कमी टाक."