वस्तऱ्याखालचं ध्यान

वस्तरा गळ्यावर आला आणि थांबला. लिफ्ट-तपासनिसाने थोडी वाट पाहिली, मग डोळे तिरके करून आरशात पाहिलं. सलूनवाला खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकवून उभा होता आणि त्याचे डोळे मिटलेले होते.

आरशाखालच्या फळीवर, पावडरच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलमधून एक बाई मधाळ आवाजात सांगत होती, "आता सगळं लक्ष श्वासावर आणा."

ही बाई तपासनिसाच्या चांगलीच ओळखीची होती. तिला इथे आणून बसवणारा तोच होता.

त्याचं असं झालं, की तपासनीस मुळातच भित्रा. 'ही दोरी तुटली तर?', 'हा ब्रेक लागलाच नाही तर?' असं दिवसभर स्वतःला विचारत लिफ्टच्या पोकळीत लोंबकळायचा त्याला पगार मिळायचा, त्यामुळे भीती हा दुर्गुण नसून अनुभव आहे असं त्याचं मत होतं. पण रक्तदाबाला हे कोण सांगणार? कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "दाब असाच राहिला तर उंचीवरचं काम बंद. टेबलावर बसावं लागेल. पळा, योगासनं करा, ध्यान करा." टेबलावर बसायचं आणि दुसऱ्याने तपासलेल्या लिफ्टने ये-जा करायची! नुसत्या कल्पनेने बिचाऱ्याचा दाब आणखी चढला.

तो पळायला गेला, तर भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसा त्याच्यापाठी कुत्रा. आसनं केली, तर पायाचे अंगठे धरून वाकला तो वाकलाच; "अहो, सरळ व्हा आता, मला दार उघडायचंय," असं बायको म्हणाली तरी होता तिथेच. ध्यानाला बसला, तर 'पुढचा श्वास आलाच नाही तर?' हा विचार सुटेना. शिवाय त्या रेकॉर्डिंगच्या शेवटी एक घंटा होती. ती अशी खणखणीत वाजायची, की तो दर वेळी दचकून उडायचा आणि शांतीच्या नावाने घाम पुसत बसायचा.

शेवटी वैतागून त्याने ते रेकॉर्डिंग सलूनवाल्याच्या गळ्यात मारलं. सलूनवाला भलता बोलघेवडा. एका दाढीत जगाचा कारभार आटपायचा. "हे ऐकत जा. पहाटे पळायलाही जा. मन शांत होतं," तपासनिसाने उपदेश केला. मनाचं काहीही होवो, याचं तोंड तर बंद होईल! झालंही तसंच. सुंठेवाचून खोकला गेला म्हणून तो खुशीत होता. आणि आज डॉक्टरीणबाईंची फेरतपासणी, म्हणून जरा माणसात दिसावं एवढ्यासाठी तो दाढीला आला होता.

"अरे..." त्याने म्हणायला घेतलं. कंठमणी हलला आणि पात्याला लागला. तो 'अरे' त्याने गिळायचं ठरवलं, पण गिळायलाही कंठमणी हलावाच लागतो.

"मनात येईल ते येऊ द्या," बाई म्हणाली. "जाईल ते जाऊ द्या."

मागच्या बाकावर एक निवृत्त बसड्रायव्हर पेपर वाचत आपल्या पाळीची वाट पाहत होते. तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून तपासनिसाने चप्पल काढून पायाची बोटं जोरजोरात हलवली. ड्रायव्हरकाकांनी पेपर खाली केला.

"वा! बसल्या बसल्या पायाचाही व्यायाम? करा, करा. आम्ही नाही केला, आमचे गुडघे गेले." आणि पेपर पुन्हा वर गेला.

"खांदे सैल सोडा," बाई म्हणाली. "दंड सैल. मनगट सैल. आता एकेक बोट सैल..."

'बोट नको!' तपासनीस मनातल्या मनात किंचाळला. पातं किंचित जड झालं. आणि तेवढ्यात त्याला घंटा आठवली.

खरी भीती आत्ता सुरू झाली. घरी रिकाम्या हाताने बसलेला माणूस जिने उडायचा, ती घंटा हातात वस्तरा घेतलेल्या माणसाच्या कानाशी वाजणार होती. रेकॉर्डिंग त्याला पाठ होतं. बोटांनंतर चेहरा, चेहऱ्यानंतर 'आत उजेड पसरतोय', आणि मग घंटा. न तपासलेल्या लिफ्टमध्ये तो बसला होता, आणि लिफ्ट निघाली होती.

आता हातात एकच गोष्ट होती, मान हलू न देणं. त्यासाठी श्वास अगदी बारीक हवा. त्याने तो हळू आत घेतला, त्याहून हळू सोडला. दोऱ्या, ब्रेक, कुत्रा, टेबल, सगळं कुठल्या कुठे गेलं. फक्त श्वास उरला. आत. बाहेर. आत.

"आत उजेड पसरतोय..."

घंटा वाजली. वस्तरा उडाला, पण नशिबाने वर उडाला. फेसाचा गोळा आरशावर बसला, काकांच्या हातून पेपर पडला. तपासनीस जागचा हलला नाही.

"झालं, साहेब," सलूनवाला घाईघाईने टॉवेल शोधत म्हणाला. "एकदम गुळगुळीत."

डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळून दाब मोजला, यंत्र हलवून पाहिलं आणि पुन्हा मोजला.

"इतका छान? काय केलंत तरी काय?"

"ध्यान."

"जमिनीवर बसून?"

"नाही, खुर्चीत."

"उत्तम! रोज करा. पुढच्या महिन्यात परत बघते. चढलेला दिसला, की टेबल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस सलूनच्या पायरीवर हजर. सलूनवाला दारातच उभा होता, हातात दाढीचं कोरं करकरीत मशीन.

"साहेब, आजपासून वस्तरा बंद. हे आणलंय."

"का रे?"

"खरं सांगू? रागावू नका हं. काल ध्यानबिन काही नव्हतं. तुम्ही सांगितलंत म्हणून पहाटे पळायला लागलो, तेव्हापासून उभ्या उभ्या झोप लागते. घंटा झाली तेव्हा जाग आली. बघतो तर वस्तरा तुमच्या गळ्यावर!"

तपासनिसाचा हात आपोआप गळ्याकडे गेला. त्याने मशीनकडे पाहिलं. मग त्याच्या डोळ्यांसमोर ते टेबल आलं, आणि टेबलापर्यंत नेणारी, कुणीतरी दुसऱ्यानेच तपासलेली लिफ्ट आली.

"आज पळून आलास?" त्याने विचारलं.

"आलो ना. आज तर जास्तच पळालो."

"झोप येतेय?"

"डोळे उघडत नाहीयेत, साहेब."

तपासनीस आत जाऊन खुर्चीत बसला. मान मागे टाकली आणि खुर्चीचे हात दोन्ही मुठींत घट्ट धरले.

"वस्तराच काढ," तो कापऱ्या आवाजात म्हणाला. "आणि त्या बाईला लाव."