भोपळ्याचा मानपान

माले गावच्या हैबतरावांनी यंदा भोपळ्याच्या वेलावरून नरांना हाकलायचं ठरवलं. नर फुलाला फळ धरत नाही, ते नुसतं पिवळा फेटा बांधून मिरवतं, असं त्यांचं म्हणणं. पौडच्या दुकानात मादी फुलं वाढवणारं संप्रेरक मिळालं. दुकानदारानं सांगितलं, फवारणीच्या पंपाला एक झाकण पुरे. पण दुकानदाराचं ऐकलं तर ते हैबतराव कसले? त्यांनी तीन ओतली.

वेल मादी फुलांनी लहडला. प्रत्येक फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा. हैबतरावांनी देवळात जाहीर केलं, "उत्सवाच्या भंडाऱ्याला भोपळा आपला. दुसरीकडं बघायचं न्हाई." परतताना शेजारच्या म्हसूच्या शेरडांच्या गोठ्यावर चढलेला वेल दिसला. "म्हसू, तुझ्याकडं रिकामटेकडे नर लई हायेत की." म्हसू शेरडांना पाला टाकत राहिला.

आठवड्यात इवले भोपळे पिवळे पडून गळू लागले. हैबतरावांनी खत दिलं, पाणी दिलं, शेवटी लिंबू-मिरचीही बांधली.

सून स्नेहल हे सगळं बघत होती. तिच्या लग्नात मानाची टोपी हलकी निघाली म्हणून हैबतराव मांडवात रुसून बसले होते, आणि तिच्या वडिलांनी सगळ्यांसमोर पाया पडून त्यांना उठवलं होतं.

"मामंजी, आपल्या वेलावर नर फूल एक बी न्हाई. फळ धरंल कसं? म्हसूकाकांकडनं आणा."

भंडाऱ्यात नाक कापलं जाण्यापेक्षा म्हसू बरा. हैबतराव गेले.

"म्हंजे तुमी मुलीकडचे," म्हसू म्हणाला. "फुलं देतो, पर मानपान पायजे. टावेल, टोपी, नारळ."

"फुलांना टोपी?"

"फुलांना न्हाई. वरबापाला."

सकाळी म्हसू टोपलीभर नर फुलं घेऊन बांधावर आला. मागोमाग निम्मं गाव आलं. हैबतरावांनी टोपी पुढे केली. म्हसूनं ती उलटीसुलटी पाहिली आणि पाठ फिरवून बसला.

"हलकी हाय."

ऊन चढलं की फुलं मिटणार होती. "अरे, दुसरी आणतो. आधी फुलं तर दे," हैबतराव काकुळतीला आले.

"आधी टोपी."

तेवढ्यात स्नेहल घरातून कोरी टोपी घेऊन आली. "ही भारी हाय. माझ्या वडलांनी धावत जाऊन आणल्याली. मामंजींनी एकदा बी घातली न्हाई."

हैबतरावांनी मुकाट्यानं ती म्हसूच्या डोक्यावर ठेवली आणि हात जोडले.

"जरा वाका की मामंजी," स्नेहल म्हणाली. "माझे वडील वाकले व्हते."