तपासल्याशिवाय न मानणारे अण्णा

सोलापुरात ऊन आहे हे मान्य करायलासुद्धा आमच्या चन्नबसप्पा अण्णांना तीन साक्षीदार लागतात. मी म्हणालो, "अण्णा, आज लई तापलंय," की ते भुवई उंचावून म्हणतात, "हौदेनु?" कानडीत म्हणजे, खरं काय? मग वॉचमनला विचारतात, समोरच्या इस्त्रीवाल्याला विचारतात, आणि तिघांचं जुळलं तरच टोपी घालून बाहेर पडतात.

जन्मभर डाळीची आडत केलेला माणूस. पोत्यात कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय तूर मानायची नाही, ही सवय घरीही आली. दूधवाला म्हणतो म्हशीचं आहे. हौदेनु? डॉक्टर म्हणतात प्रेशर नॉर्मल आहे. हौदेनु? की निघाले दुसऱ्या डॉक्टरकडे. लग्नात काकूंनी उखाणा घेतला तेव्हाही हे तेच म्हणाले होते, असं त्या सांगायच्या. काकू गेल्या, मुलगा गुरू कॅनडात, आणि अण्णा आमच्या शेजारी एकटे.

एकटे म्हणजे ते आणि एक मशीन. आतल्या खोलीत ती सतत घुमत असते. उन्हाळ्यात कूलरचं तोंड मशीनकडे, आणि अण्णा वर्तमानपत्रानं वारा घेतात. पडदे कायम ओढलेले. वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या मते तिथं नोटा छापतात. मला नोटांचं पटत नव्हतं, पण काहीतरी काळंबेरं आहे याची खात्री होती. सरळ माणूस कूलर मशीनला देईल कशाला?

या एप्रिलात बिल्डिंगची लाइट रोज उडायला लागली आणि सगळ्यांची बोटं त्या खोलीकडे वळली. मशीन बंद करायची, असं मीटिंगमध्ये ठरलं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला शेजारी म्हणून मला पुढं केलं.

रविवारी संध्याकाळी गेलो. निरोप सांगितला. अण्णांनी सवयीनं 'हौदेनु?' म्हटलं नाही, नुसते खुर्चीत बसले. तेव्हा मी जरा घाबरलो.

"ह्ये ब्लॉकचेनचं नोड हाय, सर," ते म्हणाले. "गुरूनं बसवून दिलंय. साऱ्या जगात हिशोबाची एकच वही, आन ज्याच्या त्याच्या घरी तिची नक्कल. नवीन पान आलं की नेटवरची शेजारची मशीन हिला देती. पण ही कुणाचं ऐकून घेत न्हाय. पानावर मागच्या पानाची खूण असती, ती सवता तपासती. जुळलं तरच चिकटवती."

"आणि शेजाऱ्यानं खोटं पान दिलं तर?"

"फेकून देती. आन त्या शेजाऱ्याशी बोलणं बंद."

"दोघांनी दोन वेगळी सांगितली तर?"

"ज्याच्यामागं मशीनींची जास्त राबणूक, ते खरं."

मशीन नव्हेच, अण्णांनी स्वतःचंच वर्णन केलं असं मला वाटलं. तेवढ्यात लाइट उडाली. मशीन गप्प झाली आणि अण्णा ताडकन उठले.

"आता मागं पडली की ओ."

लाइट येईपर्यंत त्यांनी चार वेळा बटण दाबून पाहिलं. आली तशी मशीन घुमायला लागली. अण्णा तिच्या स्क्रीनजवळ नाक नेऊन उभे राहिले. "आता शेजाऱ्यांना इचारती बघा. माज्याकडं हितपर्यंत हाय, पुढचं द्या म्हणती." एकेक शेजारी स्क्रीनवर येत गेला. कुणी जर्मनीतला, कुणी जपानमधला. अण्णांचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. मग एक ओळ उजळली आणि त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"हे गुरूचं नोड. त्याच्या घरचं. त्यानं दोघांची गाठ घालून ठेवलीया. दिसलं की समजतंय, पोराच्या घरी दिवा हाय."

 माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी उकाड्यावर ढकललं.

अण्णांनी मला हाताला धरून खाली मीटरपाशी नेलं. वॉचमनला वर पाठवून मशीन चालू-बंद करायला लावली आणि मला मीटरचं चाक दाखवलं. ती आमच्या फ्रीजपेक्षा कमी वीज खाते. मी मानलं, तरी अण्णांनी इस्त्रीवाल्याला बोलावून त्यालाही बघायला लावलं.

परत वर आलो तर फोन वाजत होता. गुरूचा, रविवारचा. तिकडं सकाळ होती. अण्णांनी फोन स्पीकरवर टाकला.

"अप्पा, यंदा दिवाळीला नक्की येतो."

मागच्या दिवाळीलाही तो नक्की येणार होता. त्याच्या आधीच्याही. दोन्ही वेळा अण्णांनी माझ्या बायकोकडून शंकरपाळे करून घेतले होते आणि नंतर आम्हीच ते खाल्ले होते. मी अण्णांच्या भुवईकडे बघत राहिलो. आता ती वर जाणार.

"बरं," अण्णा म्हणाले. "ये."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "सर, तुमच्या घरी वहिनींना सांगा. औंदा शंकरपाळे थोडे जास्त करा. पोरगं येतंय."

'हौदेनु?' माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी ते गिळलं आणि मशीनला कुणी हात लावायचा नाही, असं बिल्डिंगवाल्यांना सांगायला खाली गेलो.