सबनीसांचं अखंड पथ्य

सबनीसांचं पथ्य त्यांच्या निधनानंतरही मोडलं नाही, म्हणून कराडच्या संयम मंडळाच्या सेवाप्रमुखपदाला नव्या नियमानुसार तेच एकटे पात्र ठरले.

संयम मंडळ म्हणजे खाण्याचं व्यसन असलेल्या माणसांचं मंडळ. दर गुरुवारी साडेपाचला एका बंद पडलेल्या शिकवणी वर्गाच्या बाकांवर एकवीस माणसं जमतात आणि आठवड्यात काय खाल्लं ते खरं खरं सांगतात. साखर, मैदा आणि तळण बंद, बाकीचं वजन करून. याला पथ्य म्हणायचं आणि पथ्याचे दिवस मोजायचे. मोडलं की पुन्हा शून्यापासून. सबनीस सात महिन्यांच्या पथ्यावर असताना हृदयविकारानं गेले आणि तेराव्यानंतरच्या गुरुवारी नेहमीप्रमाणे तिसऱ्या बाकावर येऊन बसले. घटनेत सभासदत्वाला एकच अट आहे, खाणं आवरण्याची इच्छा. ती त्यांना होती. हजेरीपटावर 'उपस्थित' अशी नोंद झाली. ते फक्त सभासदांनाच दिसतात आणि ऐकू येतात, त्यामुळे गावात बोभाटा झाला नाही.

सेवाप्रमुख होत्या हेमलताताई शिंत्रे. टपाल खात्यातून निवृत्त, तोंडानं फटकळ, सहा वर्षं त्या पदावर. पद म्हटलं की मोठं वाटतं, पण काम एकच. मंडळाचा मोबाइल सांभाळायचा. दुपारी चारनंतर तो वाजू लागायचा. "ताई, समोर बालूशाहीचा पुडा आहे." मग ताई बोलत राहायच्या, पुडा घराबाहेर जाईपर्यंत. शिव्या द्यायच्या, माया करायच्या, परत शिव्या द्यायच्या. आणि एक गोष्ट त्यांनी भर सभेत कबूल केली होती, फोनवर बोलताना तोंडात घास घेता येत नाही. लोकांना वाचवता वाचवता त्या स्वतः वाचत होत्या. फोन नसता तर चार ते सात या वेळात त्यांचं काय झालं असतं, हे त्यांना नीट ठाऊक होतं.

तर नवा नियम असा आला, की सेवाप्रमुखाला सलग दोन वर्षांचं अखंड पथ्य हवं. पूर्वी नव्वद दिवस पुरायचे. ताईंचे आठ महिने भरत होते. कारण भाचीच्या बारशाला त्यांनी चौदा पेढे खाल्ले होते, आणि पुढच्याच गुरुवारी चौदाचा आकडा स्वतःच्या तोंडानं सांगितला होता.

"सबनीसांची दोन वर्षं सात महिने होतात," अध्यक्ष मुळगुंद म्हणाले. ते निवृत्त उपअभियंता, कागदावर असेल तेवढंच त्यांना दिसायचं. "त्यातली दोन वर्षं मरणोत्तर आहेत, पण नियमात तसा भेद नाही. शिंत्रेताई, फोन रविवारी संध्याकाळपर्यंत जमा करा."

"अहो, मेलेत ते!" ताई उभ्याच राहिल्या.

"ते त्यांच्या अर्जात नमूद आहे."

"फोन उचलणार कसे? बाहेरच्या माणसाला त्यांचा आवाज तरी ऐकू येतो का?"

"ती कार्यपद्धतीची बाब झाली. आज प्रश्न पात्रतेचा आहे."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वा रे न्याय! जिवंत माणूस चालत नाही आणि मेलेला चालतो! मी पेढे खाल्ले ते सांगितले म्हणून नापास? गप्प बसले असते तर आज पास झाले असते की! म्हणजे खरं बोलणाऱ्यानं घरी बसायचं आणि ज्याला तोंडच उरलं नाही त्यानं सेवाप्रमुख व्हायचं!"

सबनीस तिसऱ्या बाकावर नम्रपणे बसून होते. त्यांची ती नम्रता बघून ताईंना आणखीच चेव आला, आणि त्या चेवातच त्यांना आठवलं.

"सबनीस," त्या म्हणाल्या, "तुमच्या वर्षश्राद्धाला मी आले होते. माझा डबा घेऊन आले होते. गच्चीवर पान ठेवलं होतं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं. कावळा शिवला होता ना?"

सभा एकदम जागी झाली. कावळा शिवला म्हणजे गेलेला माणूस जेवला, हे त्या खोलीत कोणाला सांगायला नको होतं.

मुळगुंदांनी चष्मा पुसला. "सबनीस, खुलासा करा. आधी दहाव्याचं सांगा."

"दहाव्याला नाही शिवला," सबनीस हळूच म्हणाले. "दीड तास थांबवलं मी सगळ्यांना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. ते माझ्याकडून नव्हतं."

"दर्भाचा धरता येणार नाही," मुळगुंद म्हणाले. "लिहून घ्या. वर्षश्राद्धाचं?"

"पाहुणे उपाशी खोळंबले होते. मेहुणा पानापुढे हात जोडून म्हणाला, भाऊजी, तुमची जी इच्छा राहिली असेल ती पुरी करू, पण जेवा. इच्छा काय, मला जेवायचं नव्हतं. पण ते कोणाला ऐकू येणार? मग हिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी जेवलो."

"किती?"

"दोन वडे. खीर... वाटी रिकामी झाली. आणि पितृपंधरवड्यात पुन्हा."

"आणि इतके गुरुवार आमच्यासमोर बसून अखंड म्हणत होतात?" ताई कडाडल्या. "लाज नाही वाटली?"

"वाटली." सबनीसांनी मान वर केली. "पण ताई, माझ्याकडे आता हे दिवस सोडून दुसरं काय आहे? तुम्ही मोजता तेवढंच माझं चालू आहे."

ताईंचा राग अजून उतरला नव्हता, पण त्याला आता समोर माणूसच मिळेना. त्या खाली बसल्या.

मुळगुंदांनी निर्णय दिला. सबनीसांचा अर्ज बाद. शिंत्रेताई नियमानुसार अपात्रच. पात्र व्यक्ती मिळेपर्यंत पद रिक्त आणि फोन कपाटात कुलूपबंद. मुदत तीच, रविवार संध्याकाळ.

"कपाटात फोन वाजला तर कोण उचलणार?"

"पद रिक्त आहे म्हटलं ना मी."

"नियमाच्या बैलाला ढोल!" असं म्हणून ताई पिशवी उचलून निघाल्या.

जिन्यात सबनीस मागून आले. "ताई, या रविवारी माझं दुसऱ्या वर्षाचं श्राद्ध आहे. पान वाढतील. मला कोणीतरी हवं."

"मी कोण? मी अपात्र आहे," ताई फणकारल्या. पण रविवारी अकराला त्या सबनीसांच्या गच्चीवर हजर होत्या.

पान मांडलेलं होतं. कावळे कठड्यावर ओळीनं बसले होते आणि एकही पुढे येत नव्हता. मेहुणा हात जोडून काय काय कबूल करत होता. नातवाला इंजिनियर करू, देवघराला संगमरवर लावू. कावळे ढिम्म. सबनीस पाण्याच्या टाकीपाशी डोळे मिटून उभे होते.

"खीर आणि वडे उचला तिथून," ताई म्हणाल्या. "पथ्य आहे त्यांचं. भात, वरण, गवारीची भाजी, तेवढं ठेवा. तेही बेतानं."

"श्राद्धाच्या पानाला पथ्य? बाई, तुम्ही कोण?" मेहुणा चिडला.

सबनीसांच्या पत्नी, सुमतीबाई, ताईंकडे बघतच राहिल्या. मग पुढे होऊन त्यांनी स्वतः वाटी आणि वडे उचलले. हात पुरता मागे येतो न येतो तोच कावळा उतरला. चार शितं भात, थोडी गवार, आणि उडाला. टाकीपाशी सबनीसांनी तोंड पुसलं.

पंगतीची गडबड सुरू झाली. सगळे खाली उतरले. ताईही निघाल्या, तेव्हा सुमतीबाईंनी त्यांना जिन्याच्या तोंडाशी थांबवलं. खिरीची वाटी अजून त्यांच्या हातात होती.

"ही दर वेळी मीच खाते," त्या खाली बघत म्हणाल्या. "ही, आणि मग पातेल्यातली. उभ्यानं. सगळे गेले की. आता श्राद्धाचीही वाट बघत नाही मी. हे गेल्यापासून रोजच काहीतरी करते, आणि संपेपर्यंत खाते." त्यांनी वाटी ताईंच्या हातात दिली. "तुमच्याकडे कुठलासा नंबर असतो ना? कोण उचलतं तो?"

"मी," ताई म्हणाल्या. "सकाळ, दुपार, केव्हाही."

"आणि गुरुवारी आलं तर बसायला जागा असते?"

ताईंनी टाकीकडे पाहिलं. सबनीस अजून तिथेच होते, आणि सुमतीबाईंना ते अजून दिसत नव्हते.

"तिसऱ्या बाकावर," ताई म्हणाल्या. "भिंतीकडून दुसरी. शेजारी ओळखीचं माणूस आहे."