बंपरचं पलीकडचं टोक

आमच्या घरी सत्यनारायणाची पूजा होती. भीमराव तात्या आले, चपला काढल्या, खिशातून पाणसळ काढली आणि सरळ देवाच्या चौरंगावर ठेवली. पाणसळ म्हणजे गवंडी-सुतारांकडं असते ती बुडबुड्याची पट्टी. गुरुजींची पोथी चालू होती आणि तात्या बुडबुडा बघत होते. "डावीकडं दोन सूत खाली हाय," ते म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लग्नपत्रिकेचा तुकडा दुमडून त्यांनी पायाखाली सारला, बुडबुडा मधोमध आणला आणि मगच हात जोडले. "हां, आता चालू द्या गुरुजी." चौरंगाचा तो पाय लंगडा आहे हे मला सतरा वर्षांपासून माहीत होतं, पण चारचौघांत सांगायची काही गरज होती का?

तात्या जळोचीत आमचे शेजारी. उभी हयात वालचंदनगरला फिटर म्हणून गेली. अवजड मशिनांचे दांडे एका रेषेत आणायचे, तिथं केसभर चूक खपत नाही. तात्या निवृत्त झाले, नजर झाली नाही. बँकेत गेले की मॅनेजरच्या डोक्यावरची तसबीर सरळ करून येतात. इंदापूरच्या एका लग्नात त्यांनी अंतरपाट धरणाऱ्या दोघांना खालीवर करायला लावलं होतं, मुहूर्त टळायची वेळ आली तरी. मी शाळेत गणित शिकवते म्हणून माझ्याविषयी त्यांना आदर होता. दारातली माझी रांगोळी नीट निरखून पाहीपर्यंत तो टिकला.

तात्यांकडं एक जुनी गाडी होती. दोन दारांची, बुटकी, फायबरच्या बॉडीची. दक्षिणेकडच्या कुठल्याशा कंपनीनं फार वर्षांपूर्वी अशा थोड्याच काढल्या. काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, हिंडत्याफिरत्या होत्या तोवर दोघं तिच्यातून नीरा-नरसिंहपूरला जात. नंतर ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये पडून होती. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि तात्यांनी गाडीवरची ताडपत्री काढली.

इंजिन त्यांनी स्वतः उघडलं, स्वतः बसवलं. फायबरपुढं मात्र त्यांचं चालेना, कारण पत्र्यासारखं ते ठोकून सरळ होत नाही, ठोकलं की तडकतं. शेवटी बावड्याचा एक कारागीर आणला. तो एरवी देवळांसाठी फायबरचे सिंह बनवतो. त्यानं गाडीचा फुटलेला डावा कोपरा इतक्या प्रेमानं भरला की त्या बाजूनं गाडी आयाळ काढलेल्या सिंहासारखी दिसायला लागली.

आणि इथं बंपर आला. बंपर लोखंडी, तो खालच्या सांगाड्याला बसतो. सांगाड्याशी जुळवला की बॉडीला तिरका दिसतो, बॉडीशी जुळवला की पाणसळीतला बुडबुडा एका टोकाला जाऊन बसतो. मग वॉशर घाला, वॉशर काढा. त्यात हे काम एकट्याचं नाही. एकानं नट आवळायचा आणि दुसऱ्यानं पलीकडचं टोक धरायचं. रोज संध्याकाळी साडेपाचला भिंतीपलीकडून हाक यायची, "बाई, जरा धरता का?"

मी धरायची. "बाई, तुमी श्वास घेताय," तात्या गाडीखालून म्हणायचे. "बंपर हालतोय."

"मग काय करू, तात्या?"

"घ्या, पन वरच्या वर घ्या."

आमच्या ह्यांचं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. एकदा ह्यांनी धरला, तर तात्या म्हणाले, "साहेब, तुमी धरला न्हाय, तुमी टेकलाय." हे घरी आले ते पुन्हा त्या शेडमध्ये पाऊल टाकणार नाही असं सांगूनच. मी जात राहिले. काम दहा मिनिटांचं, पण नंतरचा चहा आणि गप्पा तासभर चालत.

हे सगळं एका शब्दापायी चाललं होतं. सोलापूर रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला ती गाडी दारात मांडून ठेवायची होती. तात्यांचे गुडघे आता तिच्यात बसायला वाकत नव्हते, चार लोकांनी गाडी बघावी असं त्यांनाही वाटत होतं. त्यांनी शब्द दिला होता, "बंपर बसला की न्या." हॉटेलवाला आठवड्याला फोन करायचा आणि तात्या ठरलेलं उत्तर द्यायचे, "दोन सूत ऱ्हायलंय."

एका शुक्रवारी मात्र सगळं जमलं. बुडबुडा मधोमध, दोन्ही बाजूंची फट सारखी, तात्या स्वतः म्हणाले, "बसला." दुसऱ्या दिवशी शाळा सकाळची होती. मी दुपारी बाराला घरी आले तर तात्या गाडीखाली आडवे, आणि आदल्या दिवशी आवळलेले नट सोडवत होते. काढलेले वॉशर सदऱ्याच्या खिशात टाकत होते.

"तात्या, हे काय?"

"ढिला झाला व्हता."

"पाना उलटा फिरतोय तुमचा."

ते सावकाश बाहेर आले आणि हात पुसू लागले.

"बंपर दिवाळीतच बसलाय, बाई," ते म्हणाले. आता गुढीपाडवा होऊन गेला होता. "गाडी गेली की तुमाला काय म्हनून हाक मारू? आमच्या घरात पडद्याची दांडी बसवायची म्हटली तरी पलीकडचं टोक तुमच्या काकूच्या हातात असायचं. कुनाला 'या, बसा' म्हनायला मला कधी जमलं न्हाय. ते समदं ती करायची. मला 'जरा धरा' म्हनता येतं."

आधी मला रागच आला, पाच महिने वरच्या वर श्वास घेतल्याचा. मग फार वाईट वाटलं आणि लाजही वाटली. मधे एक भिंत, आणि तीन वर्षांत मी हाकेशिवाय एकदाही त्यांच्याकडं गेले नव्हते.

"शब्द दिलाय ना?" मी म्हटलं. "मग लावा परत. मी धरते."

त्यांनी नट आवळले, या वेळी कायमचे. सोमवारी टेंपो आला. तात्यांनी दोर स्वतः बांधले, ड्रायव्हरला दहा वेळा सांभाळून जायला सांगितलं आणि टेंपो वळणापलीकडं जाईपर्यंत रस्त्यात उभे राहिले.

मंगळवारी साडेपाचला हाक आली नाही. पावणेसहाला मी आणि हे, दोघंही तात्यांच्या फाटकातून आत गेलो. तात्या ओसरीवरून लगबगीनं उठले.

"काय बसवायचंय? पाना आनू?"

"काही नाही, तात्या. बसायला आलोय."

त्यांनी आमच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. मग दोन खुर्च्या पुढं ओढल्या, आतल्या दाराकडं वळले आणि म्हणाले, "अगं, पावनं आल्यात. च्या टाक."

आणि स्वतःच चहा टाकायला आत गेले.