दीडशे चौरस फुटांतलं जेवण

गावाहून आलेले सासरे बाथरूममध्ये आहेत हे घरात कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

लक्षात राहणार तरी कसं? सूनबाईंची लहान घरं आखून देणारी कचेरी सुरू होऊन वर्ष झालं होतं आणि आज पहिलं गिऱ्हाईक नमुना बघायला, शिवाय जेवायलाही आलं होतं. नमुना म्हणजे तिचंच दीडशे चौरस फुटांचं घर. वकीलसाहेब आणि त्यांची बायको सोफ्यावर बसली. सूनबाईंनी भिंतीतली कडी ओढली, अख्खं टेबल अलगद खाली आलं. वकीलसाहेब “वा!” म्हणाले. नवऱ्याने सूप, भात, भाजी, सगळं मांडलं.

तेवढ्यात टेबलामागून टकटक झाली.

“सूनबाई, दार उघडत नाहीये गं!”

बाथरूमचं दार बाहेर उघडायचं. आत उघडलं असतं तर आतल्या माणसाला उभं राहायला जागा उरली नसती. आणि त्या दारासमोर आता टेबल होतं.

“तुझे बाबा!” ती नवऱ्याच्या कानात पुटपुटली.

“टेबल मिटू या.”

“आणि जेवण कुठे ठेवू? डोक्यावर?”

ओट्यावर तिने घराचं पुठ्ठ्याचं मॉडेल मांडून ठेवलं होतं. ते हलवायला ती मुळीच तयार नव्हती. पण हार मानायलाही तयार नव्हती.

“आता तुम्हाला पलंग दाखवते,” ती हसून म्हणाली. “जरा उठता का?”

पाहुणे उठले. सोफ्यावरची भिंत खाली आली आणि पलंग झाली. उभं राहायला जागा न उरल्यामुळे पाहुणे आपसूक दाराबाहेर, जिन्याच्या चौकात गेले. नवऱ्याने भराभर भांडी पलंगावर ठेवली, टेबल मिटलं. सूनबाईंनी बाथरूमचं दार ओढलं. ते वीतभर उघडलं आणि पलंगाला अडलं.

फटीतून सासऱ्यांचं नाक दिसलं. “वास छान येतोय,” ते म्हणाले.

“बाबा, दोन मिनिटं!”

“पलंग वर घे,” नवरा म्हणाला.

“वरचं सूप कोण धरणार?”

दोघांनी एकदमच दाराबाहेर पाहिलं.

वकीलसाहेबांनी सुपाचं पातेलं धरलं. त्यांच्या बायकोकडे भात गेला, नवऱ्याच्या दोन्ही हातांत भाजी आणि ताटं. सूनबाईंनी एकटीने पलंग वर ढकलला, बाथरूमचं दार सताड उघडलं आणि सासरे भांग पाडून, ताजेतवाने बाहेर आले. चौकात पातेलं धरून उभ्या असलेल्या वकीलसाहेबांना त्यांनी नमस्कार केला. वकीलसाहेबांना हात जोडता आले नाहीत.

टेबल पुन्हा खाली आलं. सगळे दाटीवाटीने जेवायला बसले. सूनबाईंना वाटलं, गेलं काम. तरीही तिने मान ताठ ठेवली. “बाथरूमचं दार सरकतं करता येईल. टेबल समोरच्या भिंतीत नेते. एका आठवड्यात नवा नकाशा देते.”

“थांबा,” वकिलीणबाईंनी चमचा खाली ठेवला. “मला एक सांगा. तुमच्याकडे कुणी मुक्कामाला येतं?”

सूनबाईंनी खरं ते सांगून टाकलं. “फारसं नाही. आलंच तर टिकत नाही.”

वकिलीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “ऐकलंत? आपल्या बंगल्यात तुमचे चुलतभाऊ उन्हाळ्यात आले ते अजून आहेत.”

वकीलसाहेब भातात बघत राहिले.

“आम्हाला हेच घर हवं,” बाई ठामपणे म्हणाल्या. “तसंच्या तसं. सरकतं दार वगैरे काही नको. टेबल तर मुळीच हलवू नका. एवढं सगळं झाल्यावर कोण राहतंय दुसऱ्या दिवशी?”

सूनबाईंचा आनंद गगनात मावेना. त्या दीडशे चौरस फुटांत तर नाहीच नाही. नवऱ्याने टेबलाखालून तिचा हात दाबला.

सासऱ्यांनी शांतपणे आणखी भात वाढून घेतला.

“मी मात्र पुढच्या महिन्यापर्यंत आहे,” ते म्हणाले.