सिंगापुरात परिस्थिती शांत

बाबांचा आवाज कशातच सापडेना, तेव्हा शनिवारी सकाळी ऋताने त्यांचा जुना मोबाइल चार्जिंगला लावला.

बाबांना जाऊन महिना उलटून गेला होता. फोटो शेकड्यांनी होते. व्हिडिओही होते, पण ते सगळे बाबांनीच काढलेले, आणि शूटिंग चालू असताना बोललं की चित्र हलतं, असं त्यांचं ठाम मत असल्यामुळे ते श्वाससुद्धा रोखून धरत. त्या व्हिडिओंत घराजवळचा पुंगोलचा कालवा वाहत होता, ड्रायव्हर नसलेली एलआरटी ट्रेन वळण घेऊन जात होती, पुन्हा येत होती, आणि कॅमेऱ्यामागे बाबा निष्ठेने गप्प होते.

"व्हॉट्सअ‍ॅपवर एखादा व्हॉइस मेसेज तरी असेल ना?" तिचा नवरा कुशल म्हणाला. तो सिंगापुरातल्या जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत सेफ्टी इंजिनिअर होता आणि घरातही कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय सोडत नसे.

"टाइप करायचे ते," ऋता म्हणाली. "पूर्णविरामासकट."

फोन सुरू झाला, दोनदा थरथरला, आणि ऋता काही शोधणार एवढ्यात वाजायलाच लागला. नंबर लांबलचक आणि परदेशी होता.

"अबू ऋता!" पलीकडून एका बाईचा आनंदी आवाज आला. बोलणं इंग्रजीतच होतं. "कुठे होतात इतके दिवस? बातम्या संपत आल्यात, लगेच तुम्हाला घेते. घसा साफ करून ठेवा."

"मी अबू ऋता नाही," ऋता म्हणाली. "मी नुसतीच ऋता आहे."

"ऋता? म्हणजे प्रयोगशाळेतून उशिरा येणारी ऋता? आमटीत गूळ कमी घालणारी ऋता?"

आपल्या आमटीची कीर्ती नेमकी कुठवर गेली आहे, हे ऋताला कळेना. तिने विचारलं, तेव्हा उत्तर आलं की अ‍ॅडलेडपर्यंत. बाईचं नाव नुहा. ऑस्ट्रेलियातल्या त्या शहरात एक छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र होतं, आणि दर शनिवारी त्यावर पॅलेस्टाइनचा एक कार्यक्रम होई. बातम्या, राजकारण, गाणी, पाककृती, सगळं. चालवणारे सगळे हौशी. नुहा एरवी लोकांचे दात बघायची आणि अबू समीर नावाचे एक निवृत्त गृहस्थ यंत्रं सांभाळायचे. ऋताचे वडील त्यांचे सिंगापूरचे वार्ताहर होते.

"कोण होते?" ऋता म्हणाली.

"वार्ताहर. दर आठवड्याला. बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची आमची पद्धत आहे. तुमच्या वडिलांना मुलगा नव्हता, पण ते म्हणाले, माझी मुलगी चालेल का? चालेल म्हटलं. म्हणून अबू ऋता, ऋताचा बाप. द्या ना त्यांना फोन."

ऋताने सांगितलं. "गेले" या शब्दाएवढा हलका शब्द इंग्रजीत तिला सुचेना, म्हणून सरळच सांगावं लागलं.

पलीकडे अरबीत कुणीतरी कुणाला काहीतरी म्हणालं, आणि एक म्हातारा पुरुष मोठ्याने रडला. "हे अबू समीर," नुहा म्हणाली. तिचाही आवाज फुटला होता. "थांबा, मी गाणं लावते."

गाणं लागलं. लग्नातलं असावं, टाळ्या फार होत्या.

बाबा शनिवारी सकाळी खोलीचं दार लावून बसत, ते प्राणायाम करतात अशी ऋताची समजूत होती. आता नुहाने सगळं सांगितलं. बाबांनी उमेदीची वर्षं कुवेतमध्ये काढली होती आणि तिथे ड्रॉइंगच्या टेबलाला टेबल लावून बसणारा जमील नावाचा पॅलेस्टिनी ड्राफ्ट्समन रोज त्यांच्यासाठी डबा आणायचा. युद्ध झालं, माणसं चहूकडे पांगली, जमीलचा पत्ता लागला नाही. पुढे इथे फोनवर कार्यक्रम धुंडाळताना बाबांना हे केंद्र सापडलं. त्यांनी फोन करून विचारलं, जमील तुमच्याकडे आलाय का? नव्हता आला. दुसऱ्या शनिवारी पुन्हा विचारलं. तिसऱ्या शनिवारी नुहाने सहज विचारलं, सिंगापुरात काय म्हणतंय? बाबा म्हणाले, परिस्थिती शांत आहे. लिफ्ट बंद होती, ती दुरुस्त झाली. भेंडी बरी मिळाली.

"आणि एवढ्यावर तुम्ही त्यांना वार्ताहर केलंत?"

"ऋता, त्याच्याआधी बातम्या असतात," नुहा म्हणाली. "कुणाचं घर पाडलं, कुणाची झाडं तोडली, वीज किती तास आली. ते ऐकून झालं की आमच्या लोकांना अशी एक जागा हवी असते, जिथे काहीच झालं नाही. तुमच्या वडिलांच्या बातमीची सगळे वाट बघायचे."

ऋताने मुद्द्याला हात घातला. "तुमच्याकडे त्यांचं रेकॉर्डिंग आहे?"

"आहे की! कॉम्प्युटरमध्ये मागचे काही कार्यक्रम राहतात. त्यांचा शेवटचा अजून आहे, अगदी तळाला. अबू समीर काढून देतील, एवढंसं काम आहे. आत्ताच काढू?"

तेवढ्यात गाणं संपत आलं. नुहाची धांदल ऋताला ऐकू येत होती. कागद, खुर्ची, आणखी एका फोनची रिंग. आणि लहानपणापासून तोंडात बसलेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं.

"नको, नको. आधी तुमचं होऊ द्या. काही घाई नाही."

पुण्यात वाढलेल्या माणसाला हे वाक्य विचार करून म्हणावं लागत नाही. वाढपी तिसऱ्यांदा विसरला तरी तो हेच म्हणतो. अ‍ॅम्ब्युलन्समधल्या माणसाला बाबाही हेच म्हणाले होते.

"मग आधी कार्यक्रमात या," नुहा म्हणाली. "लोकांना तुमच्याच तोंडून कळू दे."

स्पीकरवरचं सगळं कुशलने आतापर्यंत उभ्यानेच ऐकलं होतं. त्याने फोनवर हात ठेवला.

"रेडिओवर? पॅलेस्टाइनवर? ऋता, आपण इथे नोकरीच्या पासवर आहोत!"

"मी बाबांबद्दल बोलणारे."

"सुरुवात बाबांपासून होते गं. मग ती विचारणार, तुमचं काय मत? पासवरच्या माणसाला मत नसतं. असलंच तर ते पुण्याला ठेवून यायचं असतं."

"कुशल, त्यांच्याकडे बाबांचा आवाज आहे."

कुशल आत जाऊन एका खोक्याचं झाकण आणि मार्कर घेऊन आला, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत "फक्त भेंडी" असं लिहून तिच्यासमोर झाकण धरून बसला.

ऋताने श्रोत्यांना सांगितलं की अबू ऋता आता नाहीत. झोपेतून उठले, छातीत दुखलं, दुपारपर्यंत संपलं. ते तिने प्रयोगशाळेतलं निरीक्षण वाचावं तसं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात ते सांगता आलं नसतं. नुहाने विचारलं, "आणि आज सिंगापुरात परिस्थिती कशी आहे?"

कुशलने झाकण हलवलं.

"शांत," ऋता म्हणाली. "भेंडी... महाग झालीये."

इथून कार्यक्रम तिच्या हातात राहिला नाही. फोन येऊ लागले. एका बाईंनी हुंदके देत विचारलं की अबू ऋता ज्यांच्या गुडघ्याची तक्रार करायचे ते शेजारी आता बरे आहेत का. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अरबीत दीर्घ प्रार्थना म्हटली आणि ती संपली असं वाटून ऋताने आभार मानले, तेव्हा ते म्हणाले, अजून अर्धी व्हायची आहे. एका बाईंनी भेंडी टोमॅटोत शिजवायची कृती दिली. दुसऱ्या बाईंनी फोन करून ती कृती कशी साफ चूक आहे ते सांगितलं. भेंडी पाण्यात घातली की चिकट होणारच, असं कुशल न राहवून मोठ्याने म्हणाला, आणि "हे कोण?" असं नुहाने विचारताच झाकण तोंडासमोर धरून स्वयंपाकघरात पळाला. पण पुढच्या तीन श्रोत्यांनी त्याला मत विचारलंच. पासवरच्या माणसाने चिंचेच्या बाजूने अतिशय स्पष्ट मत दिलं.

ऋताच्या मनात एकच चालू होतं. आता संपेल. आता ते काढून देतील. प्रत्येक नव्या फोनला ती "थँक यू, थँक यू" म्हणत होती आणि घड्याळाकडे बघायचं टाळत होती.

"शेवटी एक राहिलं," नुहा म्हणाली. "तुमचे वडील दर वेळी एक प्रश्न विचारून फोन ठेवायचे. आज तुम्ही विचारा."

ऋताने विचारलं, "कुवेतमध्ये ड्राफ्ट्समन असलेले जमील कुणाला माहीत आहेत का?"

फोन लगेच वाजला.

"मी जमील," एक जाड आवाज म्हणाला. ऋता उठून उभी राहिली. कुशल स्वयंपाकघरातून बाहेर आला. "पण तो नाही."

"म्हणजे?"

"मी खाटीक आहे. कुवेतला कधी गेलो नाही. पण तुमचे वडील इतकी वर्षं माझं नाव घेऊन विचारायचे, आणि मी तो नाही याचं मला दर शनिवारी फार वाईट वाटायचं. कितीदा फोन उचलला, ठेवून दिला. वाटायचं, काय सांगू? मी तो नाही हे त्यांना सांगायचंच राहिलं. म्हणून आज केला."

"थँक यू," ऋता म्हणाली. खाटीक म्हणाला, "माफ करा," आणि नुहाने गाणं लावलं. कार्यक्रम ठरल्या वेळेपेक्षा लांबला होता. पुढच्या कार्यक्रमाचे लोक स्टुडिओचं दार वाजवत होते.

"झालं!" नुहा म्हणाली. "ऋता, असा कार्यक्रम आमच्याकडे कधी झाला नव्हता. अबू समीर बसलेतच कॉम्प्युटरवर. धरा."

ऋताने धरला. कुशलने ई-मेलचा पत्ता कागदावर लिहून आणला, सांगायला. पलीकडे माउसची टकटक. मग अबू समीर काहीतरी म्हणाले. नुहा काहीतरी म्हणाली. अबू समीर तेच पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. मग दोघंही एकाच वेळी बोलू लागली, आणि मग एकदम दोघंही थांबली. अरबीचं अक्षर येत नसतानाही ऋताला सगळं कळलं.

"ऋता," नुहा म्हणाली. "त्यात ठरावीकच कार्यक्रम मावतात. नवा जमा झाला की सगळ्यात जुना आपोआप पुसला जातो. आजचा... आत्ताच जमा झाला."

"बॅकअप असेल ना?" कुशल तिच्या खांद्यावरून ओरडला. "कुठेतरी कॉपी असेलच की!"

"आमचा बॅकअप म्हणजे अबू समीर," नुहा म्हणाली. "ते आधीच काढून ठेवणार होते. पण तुम्ही म्हणालात घाई नाही, म्हणून ते चहा करायला गेले."

कुशलने ऋताकडे पाहिलं. ती खाली बसली होती.

"म्हणजे मीच," ती मराठीत म्हणाली. "बाबांना पुसून मी तिथे जाऊन बसले. भेंडीचा भाव सांगत."

कुशलने झाकण उचललं आणि उगाचच उलटं करून ठेवलं.

फोनमध्ये खरखर झाली. आता तो अबू समीर यांच्या हातात होता. म्हातारा खूप रडला होता आणि रडणं अजून पुरतं थांबलं नव्हतं. "बेटी," ते म्हणाले, "मशीनमध्ये नाही. पण माझ्या कानात आहे. इतकी वर्षं ऐकलंय मी त्यांना. तुला म्हणून दाखवू?"

उत्तराची वाट न बघता घसा खाकरून, अरबी वळणाच्या इंग्रजीत, किनऱ्या आवाजात ते म्हणाले, "सिंगापुरात परिस्थिती शांत आहे!"

ते इतकं वाईट होतं की कुशलला हसू फुटलं. त्याने तोंडावर हात दाबला.

"असे नव्हते बोलत," ऋता म्हणाली.

"नव्हते?"

"आवाज खाली होता. आणि घाईत नसायचे. 'शांत' म्हणायच्या आधी थांबायचे."

अबू समीर यांनी पुन्हा म्हटलं, खालच्या आवाजात. आता ते एखाद्या मंत्र्यासारखं वाटलं.

"एवढं खाली नाही. आणि शेवट वर न्यायचे, विचारल्यासारखा."

त्यांनी शेवट वर नेला. ती म्हणाली, जरा कमी. त्यांनी जरा कमी केला. मागून नुहा सांगत होती की बाहेरचे लोक आता दार तोडतील, आणि अबू समीर तिला गप्प बसायला सांगत होते. कुशल हळूच ऋताच्या शेजारी येऊन बसला. बाबा वाक्याच्या मध्ये एक छोटा खोकला काढायचे ते त्याला आठवलं, आणि त्याने तसं सांगितलं. तो खोकला होता की नुसता श्वास, यावर नवरा-बायकोचं एकमत होईना. अबू समीर यांनी दोन्ही करून दाखवलं.

कितव्यांदा तरी ते म्हणाले, "असा?"

ऋताने डोळे मिटले. बाबांचा आवाज मनात आणायला ती गेली, तर तिथेही अबू समीरच बोलत होते.

"सांग ना बेटी. असाच होता ना?"

"परत एकदा म्हणा," ऋता म्हणाली.